घशापासून ओठांपर्यंत

माझं अक्षर कोंबडीने मातीत पाय उकरल्यासारखं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी कळलं नाही. आमच्या गावात शाळाच चौथीपर्यंत होती. वेलांटी पहिली की दुसरी असा प्रश्न पडला की मी मधेच कुठेतरी टोक ठेवून देते, ज्याला जशी हवी तशी त्याने वाचावी. तेव्हा चुकांबद्दल आधीच माफी मागते. अर्थात वाचणारं कोणी नाहीच. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात यंदा ‘आम्ही केलेलं काम’ असा विषय आहे. सून म्हणाली, “आई, तुमचं सोमालीचं लिहा ना. तसं दुसऱ्या कुणाकडे नसणार.” मी नको म्हटलं. चार माणसांत माझं तोंड उघडत नाही, छापून कुठे येऊ? पण विषय डोक्यातून जाईना, म्हणून स्वतःपुरतं लिहिते आहे.

लंडनमध्ये, हाउन्सलोला, आमच्या घराजवळ एक हॉल होता. तिथे मी केअरटेकर होते. कुलूप उघडायचं, हीटर लावायचा, खुर्च्या मांडायच्या, चहाचं पाणी तापवायचं आणि सगळे गेले की झाडून पुन्हा कुलूप. बोलावं लागत नाही म्हणून ते काम मला आवडायचं. आमचे हे एअरपोर्टवर विमानात सामान चढवायच्या कामाला होते. ते म्हणायचे, “माझ्या बॅगा बोलत नाहीत, तुझ्या खुर्च्या बोलत नाहीत. बरी जोडी जमली.”

नव्वद सालाच्या आसपास शनिवारी सकाळी सोमाली मुलांचा क्लास सुरू झाला. तिकडे लढाई पेटली होती आणि आमच्या भागात ती कुटुंबं येऊन राहायला लागली होती. किचन आणि हॉल यांच्यामध्ये चहा द्यायची एक खिडकी होती. पहिल्याच शनिवारी मी आत कप विसळत होते आणि बाहेरून असा आवाज आला की वाटलं, कुणाच्या तरी घशात घास अडकलाय. मी पाण्याचा ग्लास घेऊन धावले. बघते तर शिकवणारी बाई मजेत उभी, आणि सगळी मुलं माझ्याकडे बघतायत.

“पानी नहीं, दीदी,” ती हसून म्हणाली. “यह अक्षर है.”

ती हलीमो. मोगादिशूची. तिथल्या थिएटरात हिंदी पिक्चर लागत, त्यावर ती हिंदी शिकलेली. त्यामुळे तिला हिंदीत फक्त प्रेम करता यायचं आणि धमकी देता यायची. उशिरा येणाऱ्या मुलाला ती म्हणे, “मैं तुझे ज़िंदा नहीं छोड़ूँगी,” आणि मग जवळ घेई. माझं इंग्लिश जेमतेम, तिचंही तसंच. आमचं सगळं बोलणं या पिक्चरच्या हिंदीत व्हायचं.

त्यांची भाषा एबीसीच्याच अक्षरांत लिहितात, आणि तिथेच मुलांची पंचाईत. आठवडाभर इंग्लिश शाळेत त्या अक्षरांचा एक आवाज, शनिवारी दुसरा. एक्स काढायचा आणि बोलायचा मात्र खोल घशातला ह. हलीमोचं स्वतःचं नाव त्या एक्सने सुरू होतं. दवाखान्यात तिला ‘मिस झालिमो’ म्हणून हाक मारत आणि ती मुद्दाम उठायची नाही. “उस नाम की कोई औरत यहाँ नहीं बैठी,” असं मला सांगे. एकदा त्यापायी तिची अपॉइंटमेंट गेली.

मी तिला साधं ‘हलीमो’ म्हणायचे, आपल्या हरीमधल्या ह ने. तेही तिला चालायचं नाही. एक दिवस तिने कढईतून काढलेला संबूस, म्हणजे त्यांचा समोसा, माझ्या हातात दिला आणि “लगेच खा” म्हणाली. तोंड पोळलं आणि घशातून जी वाफ सुटली, त्यावर बोट ठेवून म्हणाली, “बस. यही मेरा नाम है.”

मला याची गोडीच लागली. इतकी वर्षं तोंड आहे आपल्याकडे, पण त्यात एवढ्या जागा आहेत हे मला ठाऊक नव्हतं. मी प्रत्येक आवाजाला आपलं एक नाव ठेवलं. तो संबूसचा ह. एक होता बकरीचा अ, घसा आवळून बकरी ओरडते तसा. ते लोक त्यासाठी सी काढतात. एक विहिरीतला क, जिभेचं मूळ पडजिभेला टेकवून सोडायचा, आत खडा पडल्यासारखा वाजतो. आणि एक काटा अडकल्याचा ख. भांडी घासताना मी हे म्हणत बसायचे. आमचे हे बाहेरच्या खोलीतून विचारायचे, “अगं, उलटी होतेय का?”

एक मात्र मला शिकावा लागला नाही. जीभ वळवून टाळूला लावायचा त्यांचा जो आवाज आहे तो म्हणजे आपला ड. हलीमो एकेका पोराची जीभ धरून तो शिकवायची. मी खिडकीतून सहज म्हणून दाखवला तर ती बघतच राहिली. “दीदी, तू किधर की सोमाली है?”

मग मी खिडकीच्या बाहेर आले. लहान मुलांना घेऊन कोपऱ्यात बसायचं, एवढंच माझं काम. मुलं मला हबरयार म्हणायची. हबरयार म्हणजे धाकटी आई, आपली मावशी.

ही मुलं गंमतशीर होती. दोन आवाजांच्या मधे घसा क्षणभर बंद करायचा, असंही एक अक्षर त्यांच्यात आहे. मला वाटलं ते सगळ्यात अवघड जाणार. पण हाउन्सलोच्या पोरांबरोबर खेळून त्यांना ते आधीच येत होतं. वॉटरमधला ट गिळून टाकायची तिथली पद्धत. शाळेत ज्यासाठी मुलं बोलणी खायची त्यासाठीच हलीमो त्यांची पाठ थोपटायची.

बकरीच्या अ ला मात्र मुलं अडायची. त्यात एक होती आशो, सात वर्षांची, दोन्ही पुढचे दात पडलेली. तिच्या नावाची सुरुवातच त्या अ ने. ती सरळ आपल्या आशासारखं म्हणायची आणि पुढे ऐकायची नाही.

“आशो, घशातून म्हण.”

“हबरयार, दॅट्स अ गोट नॉइज. आय ॲम नॉट अ गोट.”

“मग बकरी नाही, उंट हो.”

“कॅमल्स स्पिट,” ती म्हणाली आणि तोंड मिटून घेतलं.

आता पैशांचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. सोमाली बायका दर शनिवारी क्लासनंतर प्रत्येकी पाच पौंड जमवायच्या आणि चिठ्ठी निघेल त्या क्रमाने दर महिन्याला एकीला सगळे द्यायच्या. त्याला त्या अयूतो म्हणत. मी म्हटलं, अहो, ही तर आपली भिशी. मी लगेच भाग घेतला. पहिली चिठ्ठी माझी निघाली. मी वॉशिंग मशीन घेणार होते. तोवर चादरीसुद्धा हाताने धूत होते आणि आमचे हे महिनोन्महिने म्हणत होते, “घेऊ.” हलीमोची चिठ्ठी शेवटची.

हलीमोची एक मुलगी होती, इदिल. पळापळीत ती आजीबरोबर केनियात छावणीत राहिली होती आणि हलीमो एकटी इकडे आली होती. मुलीला इकडे आणायचे कागद बरीच वर्षं चालले होते. त्या आठवड्यात पत्र आलं की मुलीची नैरोबीला मुलाखत आहे. आजी आजारी होती, पोरीला तिथे नेणारं कोणी नव्हतं. हलीमोलाच जायला हवं होतं, आणि तिच्याकडे तिकिटाचे पैसे नव्हते.

तिने माझ्याकडे मागितले नाहीत. कप पुसत होती, पुसलेलाच कप पुन्हा पुसत होती. मी म्हटलं, “तुम मेरा नंबर लो. मैं तुम्हारा लेती हूँ.”

भिशी ज्यांनी लावली आहे त्यांना यातला धोका सांगायला नको. पहिला नंबर घेणारी पुढे भरत राहिली तर ठीक. ती परत आलीच नाही तर तिच्या वाटचे कोणी भरायचे? बायका कुजबुजल्या, की तिकडे गेलेलं माणूस सहज परत येत नाही. मी म्हटलं, ती येईपर्यंत तिचे पाच मी भरीन. माझ्या तोंडून एवढं मोठं वाक्य कसं निघालं कोण जाणे.

घरी सांगितलं. यांनी चहा हलवून चमचा बशीत ठेवला. मग म्हणाले, “म्हणजे आपलं मशीन केनियाला गेलं.”

जाताना हलीमोने दुसरी गोष्ट माझ्या गळ्यात घातली. हॉलच्या कमिटीने हॉल स्वस्तात दिला होता, पण अट होती, दहा तरी मुलं हवीत. नाहीतर त्या वेळेवर कीप-फिटच्या, म्हणजे व्यायामवाल्या, बायकांचा डोळा होताच. एकदा वेळ गेली की परत मिळत नाही. मोठ्या मुलांना वाचायला शिकवेल असं कोणी नव्हतं. “दीदी, सिर्फ़ आवाज़,” ती म्हणाली. “आवाज़ ज़िंदा रखो. बाकी मैं आके करूँगी.”

मला अर्थ येत नव्हते. फक्त आवाज येत होते. मी चौथी पास बाई, दुसऱ्यांच्या मुलांना त्यांची भाषा शिकवायला उभी राहिले.

भिंतीवर हलीमोचा तक्ता होता. त्यांचा क्रम बा, ता, जा असा सुरू होतो आणि चौथा लगेच संबूसचा ह, पाचवा काट्याचा ख. एक ओठावर, एक दातावर, मग एकदम घशात उडी, परत वर. लहान मुलं चौथ्यावर आपटायची ती उठायचीच नाहीत. मला आमचे गुरुजी आठवले. ते क ख ग घ शिकवताना स्वतःचं तोंड उघडून दाखवत. आधी घसा, मग टाळू, मग दात, शेवटी ओठ. आवाज घरातून निघून दारात येतो, असं म्हणत.

मी तसंच केलं. त्यांचे सगळे आवाज घशापासून ओठांपर्यंत लावले. सगळ्यात आत बकरी आणि संबूस, मग विहीर आणि काटा, मग टाळू, मग माझा ड, मग दात, आणि ब, फ, म ओठांवर. आणि आम्ही पाढे म्हणायचो त्या चालीवर, शेवटचं अक्षर ओढत, डुलत म्हणायला लावलं. मुलांना ते फार आवडलं. बोट गळ्यावर ठेवून सुरू करायचं आणि ओठांवर आणून संपवायचं. घरी जाऊनही म्हणायला लागली.

तिथेच गडबड झाली. पुढच्या शनिवारी अदीर युसूफ आले. अदीर म्हणजे काका. मेंदी लावलेली लाल दाढी, हातात काठी. तरुणपणी बोटीवर कोळसा टाकायच्या कामाला होते, मुंबई बंदर बघितलेलं, त्यामुळे मला ‘बाई’ म्हणत. मागच्या खुर्चीवर बसून त्यांनी सगळं ऐकलं आणि काठी आपटली.

“बाई, हमारा बा किधर गया?”

“है, अदीर. आखिर में है.”

“बा आखिर में? बा पहला है. बाप को पीछे खड़ा किया तुमने?”

कान तापले. मुलांसमोर ते आणखीही बोलले, आणि संध्याकाळपर्यंत सगळीकडे झालं की हिंदू बाई मुलांना उलटी अक्षरं शिकवते. मुलं गळायला लागली. आधी मोठी, मग धाकटी. दिवाळी झाली, गारठा वाढला. हलीमोचं एक पत्र आलं, की मुलाखत पुढे गेली आहे. मग काहीच नाही. मी दर शनिवारी माझे पाच आणि तिचे पाच भरत होते. तिचा नंबर आता माझा होता, म्हणून हे म्हणायचे, “आपणच आपल्याला भिशी भरतोय.” पण ‘बंद कर’ असं एकदाही म्हणाले नाहीत.

एका शनिवारी फक्त आशो आणि तिचा भाऊ आले. कमिटीची सेक्रेटरी दारातून डोकावली, मुलं मोजली आणि गोड आवाजात म्हणाली की ख्रिसमसनंतर बघू या. त्याचा अर्थ मला कळत होता. हलीमो परत येईल आणि तिला हॉलला कुलूप दिसेल, आणि ते कुलूप लावणारी मीच असणार.

त्या दिवशी मी अदीर युसूफच्या घरी गेले. अनोळखी पुरुषाच्या दारात एकटी गेल्याची माझी ती पहिलीच वेळ. ते फ्लॅटमध्ये एकटेच राहत. दार उघडलं तर तोंडाची पोकळी झालेली, दातांची कवळी हातात.

मी म्हटलं, “अदीर, तुम्ही येऊन शिकवा. तुमच्या क्रमाने शिकवा. मी खुर्च्या मांडीन.”

ते दुसऱ्या शनिवारी आले, आणि आधी त्यांनी प्रत्येकाच्या घरी जाऊन मुलंही गोळा करून आणली. त्यांना नाही म्हणायची कोणाची छाती नव्हती. तक्त्यासमोर उभे राहिले, बा झालं, ता म्हणताना कवळी हलली. सा म्हणताना शिट्टी वाजली. फा ला कवळी बाहेरच आली आणि त्यांनी ती वरच्यावर झेलली. आशो हसून खुर्चीवरून खाली पडली. ते कवळी खिशात घालून बसून राहिले. म्हाताऱ्या माणसाचं असं व्हायला नको होतं. मी चहा नेऊन दिला.

चहा संपवून त्यांनी तक्त्याकडे बघत विचारलं, “बाई, तुम्हारे हिसाब में दाँतवाला अलग है?”

“हो. घसा वेगळा, दात वेगळे.”

“तो गला मेरा,” ते म्हणाले. “दाँत तुम लो. ओठ भी तुम लो. मेरा ओठ भी अब दाँत के बिना अंदर जाता है.”

तशी आमची वाटणी झाली. क्लास सुरू होताना आणि संपताना सगळ्यांनी उभं राहून त्यांच्या क्रमाने बा, ता, जा म्हणायचं, बापाचा मान बापाला. मधे माझा क्रम. घशाची अक्षरं ते शिकवायचे आणि काय शिकवायचे. विहिरीतला क ते असा काढत की पोटातून साखळी ओढून नांगर वर येतोय. आशोला ते बकरी हो म्हणाले नाहीत. मोडक्या इंग्लिशमध्ये म्हणाले, “इंजिनरूममध्ये मोठ्या आवाजात कोणाला हाक मारायची तर ओठांनी ऐकू जात नाही. घशातून मारावी लागते. मी तिकडे उभा आहे, तुझं नाव सांग.” आणि हॉलच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पाठ करून उभे राहिले.

तिने तीन-चारदा सांगितलं, ते वळले नाहीत. मग ती चिडली आणि चिडून घशातून जे नाव आलं त्याने माझ्या हातातला कप हलला. ते वळले. “हां,” म्हणाले. “यह लड़की कौन है? पहले तो कभी आई नहीं.”

ख्रिसमसनंतर सेक्रेटरी आली तेव्हा खुर्च्या कमी पडत होत्या.

हलीमो थंडीच्या शेवटी आली. सांगून नाही. आम्ही मधल्या भागात होतो, मुलं गळ्यावर बोट ठेवून पाढ्याच्या चालीत डुलत होती. दारात ती उभी, हाताशी एक काटकुळी मुलगी, अंगात मोठ्यांचा कोट. हलीमोने सगळं शेवटपर्यंत ऐकलं आणि तिचा चेहरा बदलला. मला वाटलं होतं तिला आनंद होईल.

“मेरा बा?” ती म्हणाली.

मग मला कळलं. ती शाळेत असताना त्यांच्या सरकारने मोठ्या मुलींना गुरं राखणाऱ्या लोकांमध्ये अक्षरं शिकवायला पाठवलं होतं. झाडाला फळा टांगून तिने म्हाताऱ्या माणसांना त्याच क्रमाने बा, ता, जा शिकवलं होतं. घर गेलं, शहर गेलं, तो क्रम तेवढा तिच्याजवळ शिल्लक होता. मला हे आधी कोणी सांगितलं असतं तर मी हात लावला असता का, याचा विचार मी अजून करते. अदीर युसूफ काठी टेकत उठले आणि तिच्याशी सोमालीत बरंच बोलले. मधे मला ‘बाई’ एवढंच कळलं. तिने आशोला पुढे बोलावलं, नाव विचारलं, ऐकलं. पुन्हा विचारलं, पुन्हा ऐकलं.

“मुँह के लिए ठीक है, दीदी,” शेवटी म्हणाली. “डिक्शनरी के लिए नहीं.”

पुढे तसंच ठरलं. ज्याचं तोंड अडेल तो माझ्याकडे, बाकीचे तिच्याकडे. कौन्सिलने नंतर क्लासला पैसे दिले तेव्हा हलीमोने हेल्पर म्हणून माझं नाव लावलं. खुर्च्यांबरोबर ते काम मी पुढे बरीच वर्षं केलं. आमच्या नातवंडांना मात्र ळ येत नाही, शाळेला ‘शाला’ म्हणतात. मुलगा-सून राहतात ते एजवेअर लांब पडतं, नातवंडं महिन्यातून एकदा येतात आणि आल्या आल्या त्यांच्या गळ्याला हात लावायचा मला धीर होत नाही.

इदिलचे घशातले सगळे आवाज स्वच्छ होते. आजीजवळ वाढलेली. पण तिला प यायचा नाही. सोमालीत प नाहीच. पेन्सिल म्हणजे बेन्सिल, पार्क म्हणजे बार्क. शाळेत पोरं तिच्यापुढे भुंकायची. ती शाळेत बोलेनाशी झाली. ओठ माझ्या वाटणीचे, म्हणून हलीमोने तिला माझ्याकडे बसवलं. मी वर्तमानपत्राची पट्टी फाडून तिच्या ओठांपुढे धरायचे. ब म्हटलं की कागद गप्प राहतो. इथला प म्हटला की कागद उडतो. कितीतरी शनिवार कागद गप्पच होता.

हलीमोने आल्यापासून भिशीचे पाच पौंड एकदाही चुकवले नाहीत. फेरी संपली, शेवटचा नंबर मला मिळाला, मशीन आलं. हे म्हणाले, “केनियाहून आलं एकदाचं.” पण ती नसताना तिच्या वाटचे मी भरले होते ते वेगळे होते. मी ते सोडून दिले होते. तिने नव्हते सोडले. ती एका ऑफिसात पहाटे साफसफाई करायची आणि जमेल तसे आणून द्यायची, कधी पाच, कधी दोन, कधी नुसती चिल्लर. मी नको म्हटलं की पिक्चरमधल्यासारखी डोळे वटारायची. एक पौंडही जास्त दिला नाही, व्याज त्यांच्यात चालत नाही, आणि एकही कमी नाही.

शेवटची नोट इदिल घेऊन आली. मी किचनमध्ये कप विसळत होते. ती चहाच्या खिडकीपाशी आली, टाचा उंच केल्या आणि पाच पौंडांची नोट दोन्ही हातांनी तोंडापुढे धरली, मी पट्टी धरायचे तशी. खिडकीच्या त्या बाजूला हलीमो पाठ करून उभी होती. ती ऐकत होती.

“हबरयार,” इदिल म्हणाली. “ऑल पेड.”

नोट उडाली.